एक्स-रे नॉर्मल आला, तरी मनगट दुखतंय

पत्र

मॅडम, मी २४ वर्षांचा आहे, उदगीर तालुक्यातला. दोन वर्षांपासून पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून राज्यसेवेची तयारी करतोय. अभ्यासिकेतून रूमवर जायला सेकंडहँड सायकल घेतलीय. नऊ दिवसांपूर्वी रात्री साडेदहाला पाऊस नुकताच थांबला होता. पेरूगेटजवळ गल्लीत वळताना ड्रेनेजच्या लोखंडी झाकणावरून पुढचं चाक सटकलं आणि मी उजव्या हातावर पडलो. गुडघा सोलवटला. डोकं फुटपाथला लागलं, पण बेशुद्ध झालो नाही. मित्रांनी गुडघ्याला टूथपेस्ट लावली.

दुसऱ्या दिवशी एका दवाखान्यात गेलो. टीटीचं इंजेक्शन दिलं, मनगटाचा एक्स-रे काढला. ‘नॉर्मल आहे, मुका मार आहे, जाईल’ असं सांगून क्रेप बँडेज आणि पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, पण अंगठ्याच्या बाजूला अजून दुखतं. बाटलीचं झाकण उघडत नाही, पेन दहा मिनिटांच्या वर धरवत नाही. चार दिवसांपूर्वी रूममेट एका हाडवैद्याकडे घेऊन गेला. त्यांनी तेल लावून हात ओढला, त्या रात्री झोपच लागली नाही. गोळ्या संपल्या म्हणून मेडिकलमधून त्याच परत आणल्या.

गुडघ्यावर पिवळा थर आलाय, तो पू आहे का? एक्स-रे पुन्हा काढावा लागेल का? पैसे जातील, शिवाय रेडिएशनचंही ऐकलंय. संध्याकाळी अभ्यासिकेत डोकं जड होतं, वाचलेलं काही शिरत नाही, बहुतेक आळस आलाय. घरी काही सांगितलेलं नाही. आईचा व्हिडिओ कॉल आला की हात फ्रेमच्या बाहेर ठेवतो. आता मुख्य परीक्षा वर्णनात्मक आहे, सगळं हाताने लिहायचं, म्हणून जास्त भीती वाटते. सायकल विकून टाकू का?

– व., पुणे

उत्तर

व.,

तुझं पत्र रात्री सव्वाबाराला आलं. ‘मनगट हलवू नकोस, मालिश पूर्ण बंद, दोन दिवसांच्या आत हाडांच्या डॉक्टरांना दाखव’ एवढ्या ओळी मी तेव्हाच पाठवल्या होत्या. ‘ओके मॅडम’ असं तुझं उत्तरही आलं. ओके म्हणणाऱ्यांपैकी खरोखर किती जण जातात ते दवाखान्यात बसून मला चांगलं माहीत झालंय. म्हणून आता सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट करून बघ. उजव्या हाताचा अंगठा ताठ वर कर, ‘झकास’ म्हणून दाखवतात तसा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या वरच्या अंगाला दोन दोऱ्या ताणून वर येतील आणि त्यांच्या मध्ये एक छोटा खळगा पडेल. तपकीर ओढणारी जुनी माणसं चिमूट तिथेच ठेवायची. शरीररचनाशास्त्रातही त्या खळग्याला तपकिरीच्या डबीचंच नाव आहे. आता डाव्या हाताच्या बोटाने त्या खळग्यात हलकंच दाब. मग हेच डाव्या मनगटावर कर. डावीकडे काही वाटलं नाही आणि उजवीकडे ‘आई गं’ निघालं, तर तुझा एक्स-रे कितीही नॉर्मल असो, माझ्या लेखी ते मनगट नॉर्मल नाही. आणि उजवीकडे फारसं दुखलं नाही, तरी जायचं टाळू नकोस. गोळ्या चालू असताना दुखणं दबतं.

त्या खळग्याच्या तळाशी स्कॅफॉइड नावाचं हाड असतं. मनगटात आठ छोटी हाडं आहेत, त्यातलं हे होडीच्या आकाराचं. पडताना आपण आपसूक हात पुढे टेकतो, सगळं वजन तळव्यावर येतं आणि आठांपैकी सगळ्यात जास्त वेळा मोडतं ते हेच. तुझ्या वयाच्या मुलांमध्ये तर फारच. साठीच्या बाई अशाच पडल्या तर बहुधा त्यांचं मनगटाच्या वरचं हाताचं हाड मोडतं, हात जेवणाच्या काट्यासारखा वाकडा दिसतो आणि घरातलं शेंबडं पोरही सांगतं की हाड मोडलंय. स्कॅफॉइडचं तसं नाही. हात वाकडा होत नाही, सूज चार दिवसांत उतरते, बोटं हलतात. म्हणूनच त्याला ‘लचक’ किंवा ‘मुका मार’ म्हणून घरी पाठवलं जातं.

तू दाखवलंस त्या डॉक्टरांवर मी लगेच दोष ठेवणार नाही. या हाडाचा ताजा तडा केसासारखा बारीक असतो, पहिल्या दिवसांतल्या फिल्मवर तो दिसतच नाही असं पुष्कळदा होतं. नंतर मोडलेल्या कडांचं थोडं हाड शरीर स्वतःच विरघळवतं, फट जरा रुंद होते आणि दहा ते चौदा दिवसांनी काढलेल्या एक्स-रेत ती दिसू लागते. म्हणून रीत अशी आहे की खळग्यात दुखत असेल तर पहिला एक्स-रे स्वच्छ असला तरी मनगट आधारात बांधून ठेवायचं आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फिल्म काढायची. तुला बांधलेलं क्रेप बँडेज सुजेसाठी ठीक होतं, ते हाड स्थिर ठेवत नाही. आणि ‘दहा दिवसांनी परत ये’ हे वाक्य तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. राहिलं आहे ते एवढंच.

आता तू म्हणशील, एवढ्या बारीक तड्याचं एवढं काय? तू शेतकऱ्याच्या घरचा असशील तर हे तुला पटकन कळेल, नसशील तरी उदगीरच्या माणसाला पाण्याचं गणित शिकवायला नको. या हाडाचा बराचसा रक्तपुरवठा बोटांकडच्या टोकाने आत शिरतो आणि उलटा मनगटाकडे जातो. म्हणजे मनगटाकडचं टोक हे कालव्याच्या टेलचं, अगदी शेवटचं रान. मध्ये तडा गेला की वरच्यांना पाणी मिळतं, टेलचं रान कोरडं पडतं. हात स्थिर राहिला तर तडा सांधतो आणि पाणी पुन्हा पोचतं. आपण झाकणं उघडत राहिलो, सायकल चालवत राहिलो, कोणी तेल लावून ओढत राहिलं, तर हाड सांधत नाही, कधी कधी ते टोक चक्क मरतं. पुढे काही वर्षांत मनगटाला संधिवात लागतो. तिशीतल्या माणसाला.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. इंटर्न असताना माझ्याकडे बेकरीतला एक कामगार आला होता. पहाटे सायकलवर पावाची पेटी घेऊन जाताना पडलेला. मी एक्स-रे बघितला, स्वच्छ होता. मोठ्या तोऱ्यात ‘काही नाही, मुका मार आहे’ म्हणाले आणि लावायला मलम लिहून दिलं. खळग्यात बोट दाबून बघितलं नाही. आठ महिन्यांनी तो परत आला. मैदा मळताना मनगटात कळ येते म्हणाला, मालकाने भट्टीवरून काढून पाव मोजायला बसवलं होतं, पगार कमी करून. नव्या फिल्ममध्ये हाडाचे सरळ दोन तुकडे दिसत होते. त्याने आवाजही चढवला नाही. ‘तुम्हीच म्हणाला होतात ना, नॉर्मल आहे’ एवढंच. तेव्हापासून हातावर पडून आलेला एकही माणूस मी त्या खळग्यात बोट दाबल्याशिवाय सोडलेला नाही.

तेव्हा एक्स-रे पुन्हा काढायचा का, याचं उत्तर हो. आणि काढताना ‘स्कॅफॉइड व्ह्यू’ असं स्पष्ट सांग, त्यात मनगट वेगळ्या कोनात ठेवून जास्तीच्या फिल्म काढतात. त्यातही काही दिसलं नाही आणि दुखणं कायम असेल, तर डॉक्टर एमआरआय सांगू शकतात. तो महाग असतो, पण शंका कायमची मिटवतो. रेडिएशनची काळजी सोड. निसर्गातून, मातीतून, आकाशातून आपल्याला रोज थोडे किरण मिळतच असतात. मनगटाच्या एक्स-रेतले किरण एका दिवसाच्या त्या वाट्याहूनही कमी भरतात.

पैशाचं बोलू, कारण तू दोनच शब्दांत उरकलंस तरी गोम तिथेच आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर, तपासण्या आणि उपचार निःशुल्क आहेत. पुण्यात तुझ्यासाठी त्यातलं सोयीचं म्हणजे औंधचं जिल्हा रुग्णालय. डेक्कनवरून औंधला जाणाऱ्या बस आहेत. ससून जवळ पडतं, पण ते वैद्यकीय शिक्षण विभागाचं, तिथे थोडं शुल्क लागतं. खासगीच्या मानाने तेही काहीच नाही. कुठेही गेलास तरी सकाळी लवकर जा, ओपीडीची रांग तुमच्या अभ्यासिकेतल्या जागेच्या रांगेसारखीच असते. आधार कार्ड आणि जुनी फिल्म बरोबर ने. नुसता रिपोर्ट नको, फिल्म हवी. मोबाइलवर काढलेला फिल्मचा तिरका फोटो तर मुळीच नको, त्यात ट्यूबलाइटच जास्त दिसते. तोपर्यंत सर्जिकलच्या दुकानातून अंगठ्यासकट मनगट धरणारा तयार स्प्लिंट घे. ‘थम्ब स्पायका’ म्हणून माग, काही शे रुपयांत मिळतो. झोपतानाही काढू नकोस.

समजा तडा निघालाच. बहुतेक वेळा नुसतं प्लास्टर पुरतं, साधारण सहा ते दहा आठवडे, तडा टेलच्या बाजूला असेल तर जास्त. तुकडे सरकले असतील तर छोटा स्क्रू घालावा लागतो. शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राच्या टेबलवर विचार. त्यासाठी रेशनकार्ड लागेल, आणि ते गावी आहे. यावर पुढे बोलते.

तुझी खरी भीती पेनाची आहे ना? मग डॉक्टरांना हा प्रश्न नक्की विचार: ‘अंगठा मोकळा ठेवणारं प्लास्टर चालेल का?’ पूर्वी सरसकट अंगठाही आत घ्यायचे. हाडाच्या मधल्या भागातला, न सरकलेला तडा अंगठा मोकळा ठेवूनही तितकाच सांधतो असं आता बरेच डॉक्टर मानतात. तुझ्या तड्याला ते लागू आहे का, हे फिल्म बघणाराच ठरवेल. लागू असेल तर दोन-तीन आठवड्यांत, दुखणं ओसरल्यावर, प्लास्टरमधल्या हाताने थोडं थोडं लिहिता येतं. जाड पेन घे, नाहीतर साध्या पेनाला कापडाची पट्टी गुंडाळ. तोवर उत्तरं मोबाइलमध्ये बोलून रेकॉर्ड कर. वर्णनात्मक पेपरात मुद्दे कोणत्या क्रमाने मांडायचे हे बोलूनही घोटता येतं, त्याला मनगट लागत नाही.

प्लास्टर घातल्यावर बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, मुंग्या थांबेनात किंवा दुखणं सहन होईना, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, तडक परत जायचं. अंगठी असेल तर आजच काढ. खाज सुटली की आत फूटपट्टी घालायची नाही, मी आतून फूटपट्टीचा मोडका तुकडा काढलेला आहे. आंघोळीला हातावर कॅरीबॅग आणि वर दोन रबर. आणि मेसमध्ये डाव्या हाताने जेवताना लाज वाटत असेल तर सरळ चमचा माग. भाकरी कुस्करून आमटीत घाल, चमच्याने मस्त खाता येते.

गोळ्या. तू नाव लिहिलं नाहीस, पण पाच दिवसांसाठी दिल्या होत्या आणि तू नऊ दिवस घेतोयस, बहुतेक चहाबरोबर, रिकाम्या पोटी. दुखण्यावरच्या त्या जोडगोळ्यांनी, म्हणजे एका गोळीत दोन औषधं असतात त्यांनी, जठराला फोड येतात, मूत्रपिंडावरही भार पडतो. बंद कर. फारच दुखलं तर साधी पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, दोन गोळ्यांत किमान सहा तास, दिवसाला चारहून जास्त नाही. त्या जोडगोळीतही बहुधा पॅरासिटामॉलच असतं, म्हणून दोन्ही एकत्र घेऊ नकोस. यकृताचा वगैरे कधी त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचार.

हाडवैद्यांबद्दल मला तुच्छता नाही. गावाकडे दवाखाना चाळीस किलोमीटरवर असताना बांबूच्या कामट्या बांधून हात सरळ ठेवणारे तेच होते, आणि कामटी बांधून स्थिर ठेवणं हे चांगलंच शास्त्र आहे. पण मोड आहे की नाही हे ठाऊक नसताना हात ओढणं म्हणजे सांधू पाहणाऱ्या भिंतीला धक्का मारणं. ताज्या मारावर तेलमालिश आणि शेक पहिले दोन-तीन दिवस तर अजिबातच नाही. तेव्हा बर्फ, तोही कापडात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं. आता नवव्या दिवशी बर्फाचंही फारसं काम उरलेलं नाही.

आता गुडघा. पातळ, ओलसर, पिवळसर थर असेल, वास नसेल, दुखणं दिवसेंदिवस कमी होत असेल, तर तो पू नव्हे. जखम भरताना असा थर धरतोच. तो खरवडून काढायच्या भानगडीत पडू नकोस. घाबरायचं केव्हा? घट्ट पू, घाण वास, भोवतीची लाली रोज पसरतेय, जागा गरम लागतेय, ताप आलाय, किंवा जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, आलंय. यातलं एकही असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. औंधला मनगट दाखवशील तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत वर करून हेही दाखव, लाजू नकोस.

टूथपेस्टचं मात्र मला आश्चर्य वाटत नाही, फक्त थकवा येतो. हळद, कॉफी पावडर, चुना, टूथपेस्ट, एकदा तर चूल सारवायची माती. या सगळ्यांचा एकच गुण, जखमेत काय अडकलंय ते झाकणं. रस्त्यावर सोलवटलेल्या जखमेला पहिल्या पाच मिनिटांत हवं असतं वाहतं नळाचं पाणी, भरपूर, आणि अडकलेली खडी निघेपर्यंत. काळी खडी आत राहिली तर कातडी तिच्यावरून भरते आणि गोंदल्यासारखा निळा-काळा डाग कायमचा राहतो. तुझ्या गुडघ्यात तसे ठिपके दिसतात का बघ. दिसले तर डॉक्टरांना सांग, ते सफाईने काढतील. घरी पिन तापवून नको.

‘उघडी ठेव, वारं लागू दे, खपली धरू दे’ असंही तुला सांगितलं असेल. ते आपल्या सगळ्यांच्या आज्यांनी सांगितलंय आणि तिथे आज्या चुकल्या. किंचित ओलसर राहिलेली जखम लवकर भरते आणि डाग कमी पडतो. रोज साध्या पाण्याने धू, स्वच्छ कापडाने टिपून घे, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरव आणि न चिकटणारी गॉज लाव. कापूस थेट जखमेवर नको, त्याचे धागे अडकतात. पट्टी चिकटलीच तर ओढू नकोस, पाण्याने भिजव, आपण सुटते. स्पिरिट आणि फेस येणारं औषध रोज ओतायची गरज नाही, जंतूंबरोबर नवी कातडीही भाजते. टीटीचं एक इंजेक्शन घेतलंस ते बरोबर. शाळेत सोळाव्या वर्षी शेवटचं मिळालं असेल, आठ वर्षं झाली, रस्त्याची घाण लागली होती. पण आता दर खरचटण्याला नवं घेत बसू नकोस. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर साध्या जखमेला दहा वर्षं आणि घाणेरड्या जखमेला पाच वर्षं ते पुरतं.

पत्रातल्या ज्या एका वाक्यावर मी थांबले ते तू शेवटी शेवटी, जाता जाता लिहिलंयस. ‘बहुतेक आळस आलाय.’ दोन वर्षं अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाला पडल्याच्या आठवड्यातच आळस कसा काय येतो रे? तुझं डोकं फुटपाथला लागलं होतं. बेशुद्ध न पडताही मेंदूला हादरा बसतो. संध्याकाळी डोकं जड, ट्यूबलाइट टोचणं, ओळ वाचली आणि पुन्हा तीच वाचावी लागणं, चिडचिड, झोप बिघडणं. हे सगळं त्या हादऱ्यात बसतं आणि बहुतेकांचं दोन आठवड्यांच्या आसपास निवळतं. स्वतःला शिव्या घालून बारा तास बसल्याने ते लांबतं. पंचवीस-तीस मिनिटं वाच, मग दहा मिनिटं डोळे मिटून किंवा गल्लीत एक फेरी मारून ये. चालणं चांगलं, दिवसभर अंधारात पडून राहणं नको. रात्री मोबाइल लांब ठेव, झोप पूर्ण घे. रोज सकाळी बघ, कालच्यापेक्षा बरं आहे ना. दोन आठवड्यांनीही तसंच असेल तर दाखव.

आणि हे रूममेटलाही वाचायला दे, कारण असं झालं तर ते त्याच्याच लक्षात येईल. डोकेदुखी वाढतच चालली, वारंवार उलट्या झाल्या, उठवूनही नीट जाग येईना, बोलणं अडखळलं किंवा असंबद्ध झालं, एका हातापायातली ताकद गेली, झटका आला, नाकाकानातून पाण्यासारखं काही येऊ लागलं, तर उद्याच्या ओपीडीची वाट बघायची नाही. १०८ ला फोन करायचा किंवा रिक्षा करून सरळ ससूनच्या कॅज्युअल्टीत. नऊ दिवस उलटलेत, तुझ्या वयात आता याची शक्यता फार कमी आहे. म्हणून घाबरू नकोस, पण लक्षात ठेव.

घरी सांगायचं का, हे तू विचारलं नाहीस. मला ‘सांगितलेलं नाही’ एवढंच कळवलंस, त्यावरून तुला कोणीतरी ‘सांग’ म्हणावं असं वाटतंय हे कळतं. सांग. रेशनकार्डासाठी तसंही सांगावं लागेल, पण मी त्यासाठी म्हणत नाहीये. नऊ दिवस हात फ्रेमबाहेर ठेवून बोलणाऱ्या पोराच्या आईला काहीतरी बिनसलंय हे आधीच कळलेलं असतं, फक्त तिने मनात काहीतरी भलतंच धरलेलं असतं. परीक्षेचं, पैशाचं, नाहीतर मुलीचं. सायकलवरून पडलो हे ऐकून ती रडेल आणि बरंच हायसंही वाटेल तिला. सांगताना क्रम मात्र सांभाळ. आधी ‘मी बरा आहे, जेवलोय’, मग हात कॅमेऱ्यासमोर आणून बोटं हलवून दाखव, मग पडल्याची गोष्ट. आपल्याकडे उलट करतात. ‘आई, एक सांगायचंय, घाबरू नकोस’ अशी सुरुवात केली की पुढचं काहीच ऐकू येत नाही. वडील ‘ये परत गावाकडे’ म्हणाले तर फोनवर वाद घालू नकोस, फिल्म आल्यावर बोलू म्हण.

सायकल विकू नकोस. निदान हात बरा होईपर्यंत तरी विकू नकोस, आत्ता विकलीस तर भाव पडून मिळेल. मी स्वतः कॉलेजला याच पेठांतून सायकलवर जायचे, तेव्हा पुणं सायकलींचं शहर म्हणून मिरवायचं आणि ड्रेनेजची झाकणं तेव्हाही अशीच निसरडी होती. ओलं लोखंड, रस्त्यावरचा पांढरा पट्टा आणि पानांचा चिखल यांच्यावर वळायचं नाही आणि ब्रेक दाबायचा नाही. आधीच वेग कमी करून सरळ पार व्हायचं, मग वळायचं. तुझा पुढचा टायर बघ, नक्षी गुळगुळीत झाली असणार. सेकंडहँड सायकलींची ती पहिली खूण. बदल. हेल्मेट घेशील तेव्हा तेवढं मात्र सेकंडहँड नको, आतला थर्माकोल एकदाच दबतो आणि आधी कोणाच्या डोक्याखाली दबलाय ते बाहेरून दिसत नाही. प्लास्टर निघाल्यावर पुन्हा सायकलवर केव्हा बसायचं? उजव्या मुठीत ब्रेक डाव्याइतकाच जोरात दाबता आला आणि तळहात भिंतीला टेकवून अंग रेलता आलं, की. त्याआधी नाही, मग परीक्षा केंद्र कितीही लांब असो. बस आहे.

नवी फिल्म आली की मला कळव, तडा असला तरी आणि नसला तरी. हे पत्र डाव्या अंगठ्याने टाइप केलंयस ते त्यातल्या चुकांवरून कळत होतं. पुढचंही तसंच पाठव, दुरुस्त करत बसू नकोस. मी डॉक्टरांची अक्षरं वाचून मोठी झालेय.